जुन्या वर्कस्टेशनला वेगवान एसएसडी घ्यायचाय: खोक्यावरच्या आकड्याआधी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायझन ७ ३७००एक्स प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ५०० जीबीचा साटा (जुन्या, सावकाश जोडणीचा) एसएसडी जवळजवळ भरलेला आणि शेजारी ४ टीबीची हार्ड डिस्क. काम म्हणजे ४के व्हिडिओ एडिटिंग, सोबत दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) आणि अधूनमधून मोठा कोड कम्पाइल करणं. मशीन हळू वाटतं, म्हणून सेकंदाला १४,००० एमबी वेगाचा जेन ५ (पीसीआयई या जोडणीच्या पाचव्या पिढीचा) एसएसडी घ्यायचा विचार आहे. तो घ्यावा का?

माझं उत्तर: नको. २ टीबीचा, टीएलसी चिपचा, स्वतःची डीरॅम असलेला (हे दोन्ही काय ते पुढे येईल) चांगला जेन ४ ड्राइव्ह घ्या आणि तो प्रोसेसरजवळच्या वरच्या एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरची एसएसडीची चपटी खाच) बसवा. जेन ५ साठी जे जास्तीचे पैसे जातील ते क्षमतेवर घाला, आणि व्हर्च्युअल मशीन चालू असताना मेमरी संपत असेल तर रॅमवर घाला. मी बरीच वर्षं एडिटिंग आणि सॉफ्टवेअरच्या कामाची मशीन जुळवतोय. पैसे चुकीच्या जागी जाताना सगळ्यात जास्त वेळा मी पाहिलेत ते या एका भागावर, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात बोर्डापासून करू. तुमचा प्रोसेसर जेन ४ ची भाषा बोलतो, पण बी४५० बोर्ड त्याला ती बोलू देत नाही. या प्रोसेसरसाठी एएमडीने जेन ४ अधिकृतपणे दिलं ते ५०० मालिकेच्या चिपसेटपासून. म्हणजे तुमच्या वरच्या स्लॉटला प्रोसेसरकडून जेन ३ च्या चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा, मिळतात. जेन ३ ची एक लेन सेकंदाला साधारण ९८५ एमबी वाहते, चार लेन म्हणजे जेमतेम ३,९४० एमबी, आणि प्रत्यक्षात हाती येतात ३,५०० च्या आसपास. जेन ४ मध्ये हे दुप्पट होतं, जेन ५ मध्ये चौपट. १४,००० चा ड्राइव्ह तुमच्या स्लॉटमध्ये बसेल, चालेलही, कारण नवं-जुनं एकमेकांशी जुळवून घेतं. पण वेग स्लॉटचा मिळेल, ड्राइव्हचा नाही.

मग जेन ३ च्या स्लॉटला जेन ४ ड्राइव्ह तरी कशाला? दोन कारणं आहेत. चांगल्या कंट्रोलरचे (ड्राइव्ह चालवणारी चिप) आणि नव्या फ्लॅशचे (डेटा साठवणाऱ्या चिप) ड्राइव्ह आता जेन ४ मध्येच मिळतात, जेन ३ मध्ये उरलाय तो बहुतेक जुना किंवा काटकसरीचा माल. आणि उद्या बोर्ड बदललात तर तोच ड्राइव्ह काढून पूर्ण वेगाने वापरता येतो. याच प्रोसेसरला बी५५० बोर्ड लावला तरी वरचा स्लॉट जेन ४ होतो. पण केवळ त्यासाठी बोर्ड बदलू नका, ते का ते पुढे येईलच.

दुसरा एम.२ स्लॉट असेल तर त्याच्यापासून सांभाळून राहा. बी४५० चिपसेटच्या स्वतःच्या लेन जेन २ च्या आहेत, आणि त्याही मोजक्या. दुसऱ्या स्लॉटला त्यातल्या दोन मिळाल्यात की चार, की तो फक्त साटा एम.२ ड्राइव्हच घेतो, हे प्रत्येक बोर्डावर वेगळं असतं. शिवाय बऱ्याच बोर्डांवर तो स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात. नवा एसएसडी बसवला आणि हार्ड डिस्क गायब झाली असा घाबरून आलेला फोन मी अनेकदा घेतलाय. डिस्क शाबूत असते, फक्त तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावावी लागते. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्टोरेजचं एक पान असतं, तिथे हे सगळं स्पष्ट दिलेलं असतं. खरेदीआधी तेवढं एक पान वाचाच. त्याच पानावर हेही कळेल की स्लॉट २२८० लांबीपर्यंतचाच आहे की २२११० पण घेतो. या आकड्यांतले पहिले दोन रुंदीचे, पुढचे लांबीचे, मिलिमीटरमध्ये.

आणि एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्याच आकारात साटा ड्राइव्हही येतात आणि ते ५५० एमबीच्या पुढे जात नाहीत. वर्णनात एनव्हीएमई (एसएसडीशी बोलण्याची नवी, वेगवान पद्धत) हा शब्द दिसला पाहिजे.

आता खोक्यावरच्या त्या मोठ्या आकड्याकडे वळू. तो आकडा खोटा नसतो, पण एका विशिष्ट परिस्थितीतला असतो: एकच मोठी फाइल सलग वाचायची आणि ड्राइव्हकडे एका वेळी भरपूर मागण्या रांगेत लावून ठेवायच्या. तुमचं मशीन दिवसभर असं वागत नाही. प्रोग्राम उघडताना, प्रोजेक्ट लोड होताना, कम्पाइलर हजारो छोट्या फाइली वाचताना, व्हर्च्युअल मशीन बूट होताना होतं असं की एक छोटा तुकडा मागायचा, तो येईपर्यंत थांबायचं, त्यात काय लिहिलंय ते पाहून पुढचा मागायचा. इथे रुंद रस्त्याचा उपयोग नाही, एक फेरी किती वेळात होते ते महत्त्वाचं.

हिशेब करून पाहा. फ्लॅशमधून ४ केबीचा एक तुकडा यायला ५० मायक्रोसेकंद लागले, तर सेकंदाला २०,००० फेऱ्या होतात. २०,००० गुणिले ४ केबी म्हणजे सुमारे ८० एमबी. हो, ८०. चौदा हजार ज्याच्या खोक्यावर लिहिलंय, तो ड्राइव्हसुद्धा अशा एकेरी मागणीत ८० ते १०० एमबीच्या आसपासच असतो. चांगला जेन ३ ड्राइव्ह साधारण ६० ला असतो, साटा एसएसडी ४० च्या आसपास. आणि हार्ड डिस्क? मिनिटाला ७,२०० वेळा फिरणाऱ्या डिस्कमध्ये तबकडी अर्धी फिरायलाच ४ मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो, त्यावर हेड सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे सेकंदाला ८०-१०० फेऱ्या, अर्धा एमबीही नाही.

हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आल्यावर मशीनचा जणू जन्मच बदलला असं का वाटलं होतं, त्याचं कारण या आकड्यांत आहे. तो फरक शंभरपटीचा होता. साटावरून एनव्हीएमईवर जाताना तो दीड-दोन पटीचा आहे, आणि जेन ४ वरून जेन ५ वर जाताना हाताला जाणवेल इतका बहुतेक कामांत राहतच नाही. म्हणून म्हटलं, स्लॉट जेन ३ चा आहे एवढ्यासाठी बोर्ड बदलू नका.

एनव्हीएमईचा खरा फायदा कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर साटाच बरा असा गैरसमज व्हायचा. साटा ड्राइव्हशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत हार्ड डिस्कच्या काळातली: एकच रांग, तिच्यात फार तर ३२ मागण्या. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईने प्रत्येक कोअरला स्वतःची रांग ठेवायची सोय केली, नियमानुसार रांगा ६५ हजारांपर्यंत आणि प्रत्येकीत तितक्याच मागण्या. तुमच्याकडे आठ कोअर आहेत. सोळा धाग्यांवर (थ्रेडवर) कम्पाइल चाललंय, मागे दोन व्हर्च्युअल मशीन आपापलं वाचन-लेखन करताहेत, अशा वेळी साटाच्या एकाच दारात गर्दी होते आणि एनव्हीएमईवर होत नाही. तुमच्या कामाचं स्वरूप पाहता हा बदल तुम्हाला नक्की जाणवेल.

पण विकत घेण्याआधी एक दिवस मोजा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा आणि नेहमीचं काम करत राहा. अॅक्टिव्ह टाइम १०० टक्के दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. तो आकडा हार्ड डिस्कसाठी अर्थपूर्ण आहे, पण एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या हाताळतो, त्यामुळे शंभर टक्के व्यस्त दिसूनही त्यात बरीच ताकद शिल्लक असू शकते. त्याच्या शेजारचा सरासरी प्रतिसाद वेळ पाहा. एसएसडीवर तो एक-दोन मिलिसेकंदांच्या आत असेल तर अडथळा दुसरीकडे आहे. तो दहा-वीसच्या वर रेंगाळत असेल तर ड्राइव्ह खरंच मागे पडतोय. लिनक्सवर हेच आयओस्टॅट या साधनात अवेटच्या रकान्यात दिसतं. त्याच वेळी मेमरीकडेही नजर असू द्या. व्हर्च्युअल मशीन चालू केल्यावर ३२ जीबी भरून पेजिंग (रॅममध्ये न मावणारा डेटा ड्राइव्हवर ठेवणं) सुरू होत असेल, तर एसएसडीवरची ती धावपळ मुळात रॅमच्या टंचाईची आहे. अशा वेळी ६४ जीबी रॅम कुठल्याही ड्राइव्हपेक्षा जास्त फरक पाडते.

आणि व्हिडिओ अडखळत असेल तर त्याचं मूळ ड्राइव्हमध्ये आहे का, हेही तपासा. एडिटिंगसाठी वापरला जाणारा प्रोरेस ४२२ एचक्यू व्हिडिओ, ३८४० बाय २१६०, सेकंदाला २४ फ्रेम: याचा डेटा रेट साधारण ७०७ मेगाबिट, म्हणजे ८८ एमबी. असे चार कॅमेरे एकत्र चालवले तरी ३५२ एमबी होतात, आणि ते तुमच्या आजच्या साटा एसएसडीलाही झेपतात. कॅमेऱ्यातून थेट आलेलं एच.२६५ फुटेज तर याच्या कितीतरी हलकं असतं. ते अडखळतं ते डीकोड करताना, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या पातळीवर. तिथे प्रॉक्सी फाइली (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवल्या तर प्रश्न सुटतो, नवा ड्राइव्ह घेऊन सुटत नाही. उलट, कोणी ४०९६ बाय २१६० चे बिनकॉम्प्रेस केलेले १० बिट डीपीएक्स फ्रेम चालवत असेल तर एक फ्रेम ३५ एमबीची आणि सेकंदाला सुमारे ८५० एमबी. तिथे साटा संपला, जेन ३ ला मात्र अजून बरीच जागा आहे. जेन ५ खरोखर कामाला येतो तो ४० जीबीचं एआय मॉडेल दिवसातून पन्नास वेळा मेमरीत चढवणाऱ्याला (जेन ३ वर ११-१२ सेकंद, जेन ५ वर सुमारे ३), किंवा रॅममध्ये मावत नाही असा डेटा सलग उपसणाऱ्या सिम्युलेशनला. ते तुमचं काम नाही.

आता ज्या गोष्टीवर खरं तर सगळ्यात आधी बोट ठेवायला हवं, आणि जी खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते, ती सांगतो: लिहिण्याचा वेग किती वेळ टिकतो?

फ्लॅशच्या एका पेशीत एक बिट साठवायचा तर विद्युतभाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात, आणि ते झटपट होतं. टीएलसीमध्ये तीन बिट, म्हणजे आठ पातळ्या. क्यूएलसीमध्ये चार बिट, सोळा पातळ्या. जितक्या पातळ्या जास्त तितकं जपून, टप्प्याटप्प्याने लिहावं लागतं, म्हणून वेळ वाढतो. हे झाकण्यासाठी ड्राइव्ह रिकाम्या पेशींत आधी एकेकच बिट भरून टाकतो आणि नंतर निवांतपणे ते नीट आवळून ठेवतो. याला एसएलसी कॅश म्हणतात. खोक्यावरचा लिहिण्याचा वेग या कॅशचा असतो. कॅश भरली की मूळ चिपचा वेग उघडा पडतो. चांगल्या टीएलसी ड्राइव्हवर तो सेकंदाला हजार-दीड हजार एमबी असतो, आणि कमी क्षमतेच्या क्यूएलसी ड्राइव्हवर १०० पर्यंत घसरू शकतो. म्हणजे हार्ड डिस्कहूनही कमी.

यात आणखी एक मेख आहे. ही कॅश रिकाम्या जागेतून बनते. १ टीबीचा टीएलसी ड्राइव्ह पूर्ण रिकामा असताना एका पेशीत तीनऐवजी एक बिट, या हिशेबाने तीनशे जीबीच्या वर कॅश मिळू शकते. तोच ड्राइव्ह ८० टक्के भरला की उरलेल्या २०० जीबीतून साठ-सत्तर जीबीच निघते. परीक्षणं बहुतेक रिकाम्या ड्राइव्हवर केलेली असतात, आणि आपला ड्राइव्ह कधीच रिकामा नसतो.

माझ्या हातचा अनुभव सांगतो. एका एडिटरच्या मशीनसाठी १ टीबीचा एक ड्राइव्ह मी वाचनाचा वेग आणि किंमत पाहून निवडला होता, फ्लॅशचा प्रकार न तपासता. ६०० जीबीचं एक प्रोजेक्ट दुसऱ्या एनव्हीएमईवरून त्यावर उतरवायला घेतलं. पहिले सव्वाशे जीबी दीड-दोन मिनिटांत गेले, आणि मग वेग जो पडला तो १०० एमबीवर. उरलेल्यासाठी सव्वा तासाहून अधिक वेळ लागला. बाहेर दिग्दर्शक बसून होते. साध्या टीएलसी ड्राइव्हवर तेच काम सात-आठ मिनिटांत उरकलं असतं. त्या दिवसापासून कामाच्या मशीनसाठी मी पहिला प्रश्न हाच विचारतो: टीएलसी की क्यूएलसी? उत्पादक हे स्पष्ट लिहीत नसेल तर तो ड्राइव्ह यादीतून बाद.

क्यूएलसी वाईट असतो असं नाही. झालेली कामं साठवणं, एकदा लिहून वारंवार वाचायची संग्रहाची फुटेज, सॅम्पल लायब्ररी, अशा ठिकाणी तो उत्तम. कॅमेऱ्याच्या कार्डावरून रोज थोडं थोडं उतरवायचं असेल तरी त्याची अडचण सहसा जाणवत नाही, कारण यूएचएस-१ कार्डाची स्वतःची कमाल मर्यादाच १०४ एमबीची आहे. पण जिथे रेंडर, कॅश फाइली आणि व्हर्च्युअल डिस्क सतत लिहिल्या जातात तिथे तो नको.

डीरॅमचा मुद्दा. एसएसडीला प्रत्येक तुकडा प्रत्यक्ष कुठल्या चिपवर आहे याचा नकाशा ठेवावा लागतो. ४ केबीच्या प्रत्येक तुकड्यामागे ४ बाइटची नोंद धरली तर १ टीबीला १ जीबीचा नकाशा होतो. महागड्या ड्राइव्हवर एवढी डीरॅम सोबतच बसवलेली असते. स्वस्तातले ड्राइव्ह ती देत नाहीत आणि त्याऐवजी तुमच्याच रॅममधले काही डझन एमबी उसने घेतात, याला होस्ट मेमरी बफर म्हणतात. घरच्या वापरात हा फरक ओळखूही येत नाही आणि तिथे मी असे ड्राइव्ह बिनदिक्कत सुचवतो. पण तीन व्हर्च्युअल मशीनच्या शेकडो जीबींच्या डिस्कवर इकडे-तिकडे वाचन चाललं की नकाशाचा हवा तो भाग त्या छोट्या जागेत सापडत नाही, मग तो आधी फ्लॅशवरून आणावा लागतो. एका फेरीच्या दोन होतात. तुमच्या कामाला डीरॅमवाला घ्या.

नावं हवी असतील तर सॅमसंग ९९० प्रो, डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स, एसके हायनिक्स प्लॅटिनम पी४१: तिन्ही जेन ४, टीएलसी आणि डीरॅमवाले. यांतला जो चांगल्या वॉरंटीसह मिळेल तो घ्या, आपसातला फरक तुम्हाला कामात कळणार नाही. मात्र नाव पूर्ण वाचा. सॅमसंगच्याच ९९० ईव्हीओमध्ये डीरॅम नाही. एका शब्दाने ड्राइव्ह बदलतो.

क्षमता २ टीबी का, तर फक्त जागेसाठी नाही. जास्त क्षमतेच्या ड्राइव्हमध्ये फ्लॅशचे तुकडे जास्त असतात आणि कंट्रोलर त्यांच्यावर एकाच वेळी लिहितो, त्यामुळे कॅश संपल्यानंतरचा वेगही वाढतो. कॅशही दुप्पट मिळते. आणि टिकण्याची हमीही दुप्पट होते: ९९० प्रो १ टीबीला पाच वर्षं किंवा ६०० टीबी लेखन, २ टीबीला १,२०० टीबी. ६०० टीबीसुद्धा पाच वर्षांत वाटले तर रोज ३२० जीबीच्या वर लिहावं लागतं, तेही एक दिवस न चुकता. तेव्हा आयुष्याची काळजी करू नका, पण पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवा. पेशी पुसण्यासाठी कंट्रोलरला हालचाल करायला जागा लागते. ती नसली की तो एक तुकडा लिहिण्यासाठी चार हलवतो, वेगही जातो आणि झीजही वाढते. तुमचा ५०० जीबीचा ड्राइव्ह आज जड वाटतो त्यात तो गच्च भरलेला असण्याचा मोठा वाटा असणार. नवा यायच्या आधीच त्यावरचे शंभर जीबी हार्ड डिस्कवर हलवून पाहा. एवढ्यानेही फरक दिसेल.

व्हर्च्युअल मशीनमध्ये डेटाबेस चालवत असाल तर आणखी एक बाब आहे. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर ड्राइव्हला बजावतो: खरोखर फ्लॅशवर लिहिलं असेल तरच हो म्हण. घरगुती ड्राइव्ह इथे फार मंदावतात, कारण त्यांना दरवेळी कॅश रिकामी करून मगच होकार द्यावा लागतो. सर्व्हरसाठी बनवलेल्या ड्राइव्हवर कपॅसिटरची रांग असते. वीज गेली तरी हातातलं लिहून पुरं करण्याएवढी ऊर्जा तिच्यात असते, म्हणून ते डीरॅममध्ये आल्याबरोबर निर्धास्तपणे होकार देतात. अशा कामात जुना सर्व्हर ड्राइव्हही नव्या घरगुती जेन ५ ला सहज मागे टाकतो. पण हे ड्राइव्ह बहुधा २२११० लांबीचे किंवा यू.२ जोडणीचे असतात, तुमच्या बोर्डावर थेट बसतीलच असं नाही. फक्त चाचणीसाठी डेटाबेस लागत असेल तर या वाटेला जाऊ नका.

उष्णतेबद्दल थोडंच. जेन ३ च्या वेगाने चालणारा जेन ४ ड्राइव्ह फार तापत नाही, बोर्डाबरोबर आलेली ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. पण तो वरचा स्लॉट बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या अगदी जवळ असतो आणि रेंडरच्या वेळी कार्डाची गरम हवा त्यावरूनच जाते. म्हणून पट्टी लावाच, आणि लावताना थर्मल पॅडवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढा. हसू नका, दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये मी तो तसाच राहिलेला अनेकदा पाहिलाय. ड्राइव्ह तापतो, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मालक ड्राइव्हला दोष देत राहतो.

खरेदीनंतरची खबरदारी मात्र गंभीरपणे घ्या. एकाच नावाच्या ड्राइव्हमध्ये काही काळाने आतली फ्लॅश किंवा कंट्रोलर बदलल्याचे प्रकार या धंद्यात झालेले आहेत. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले, एकाच नावाचे आणि एकसारख्याच खोक्यांतले दोन ड्राइव्ह माझ्या टेबलावर वेगवेगळे निघाले होते. कॅश संपल्यावर दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या अर्ध्यावर. त्यामुळे परत करायची मुदत आहे तोवरच तपासून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनात ट्रान्सफर मोड पाहा: तुमच्याकडे ३.० एक्स४ चालू आणि ४.० एक्स४ क्षमता असं दिसायला हवं. एक्स२ दिसलं तर स्लॉट चुकलाय किंवा ड्राइव्ह नीट बसलेला नाही. मग तीन-चारशे जीबी सलग लिहून वेग कुठे पडतो आणि कितीवर थांबतो ते नोंदवा. स्रोत हार्ड डिस्क नको, तिचाच वेग मोजाल. लिनक्सवर एफआयओ आणि विंडोजवर कोणतंही सलग लिहून पडताळणारं साधन चालेल. पडताळणीमुळे बनावट क्षमतेचा ड्राइव्हही उघडा पडतो.

लगेच फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. याला मी कधीच टाळाटाळ करत नाही, आणि त्याला कारण आहे. २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की ते ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे साधारण पावणेचार वर्षांनी, कायमचे बंद पडतील आणि डेटाही जाईल. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात, तासांची मोजणी एका छोट्या आकड्यात मावेनाशी झाली एवढंच. एकत्र बसवलेले ड्राइव्ह अशाने एकत्रच जातात, मग रेड (अनेक ड्राइव्ह जोडून एक गेला तरी डेटा वाचवण्याची रचना) असून उपयोग काय? उपाय एकच होता, वेळेत फर्मवेअर बदलणं. सॅमसंगच्या ९८० प्रोमध्येही जुन्या फर्मवेअरवर ड्राइव्ह फक्त वाचता येईल अशा अवस्थेत अडकण्याचा दोष निघाला होता, तोही नव्या फर्मवेअरने दुरुस्त झाला. पण आधीच अडकलेले ड्राइव्ह त्याने बरे झाले नाहीत.

सिस्टिम हलवण्याचे दोन मार्ग आहेत. क्लोन करणार असाल तर आधी बॅकअप घ्या, बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा, आणि क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन चालू करताना जुन्या ड्राइव्हची केबल काढून ठेवा, म्हणजे दोन सारख्या ओळखींचा गोंधळ होणार नाही. जुनी विंडोज एमबीआर या ड्राइव्हचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीवर असेल तर ती जीपीटी या नव्या पद्धतीवर आणून बायोसमध्ये यूईएफआय बूट (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) निवडा. एनव्हीएमईवरून बूट व्हायला ते लागतंच. नव्याने इन्स्टॉल करणार असाल (पाच वर्षांच्या सिस्टिमला मी हेच सुचवेन) तर इन्स्टॉलच्या वेळी बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढा. नाहीतर विंडोज बूटचा भाग गुपचूप जुन्या ड्राइव्हवर ठेवते, आणि सहा महिन्यांनी तो जुना ड्राइव्ह काढला की नवा बूटच होत नाही.

मांडणी अशी करा. नव्या २ टीबीवर सिस्टिम, चालू प्रोजेक्ट, सोर्स कोड आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क. सिस्टिमला वेगळा ड्राइव्ह हवा हा हार्ड डिस्कच्या काळातला नियम, एका चांगल्या एनव्हीएमईवर हे सगळं सुखाने नांदतं. दोन ड्राइव्ह जोडून, डेटा दोघांत वाटणारा रेड ० करायचा मोह होईल, तो टाळा. त्याने सलग वाचनाचा आकडा फुगतो, एका तुकड्याची फेरी तेवढ्याच वेळात होते, आणि दोहोंपैकी कुठलाही गेला तरी सगळा डेटा जातो. जुना ५०० जीबीचा साटा एसएसडी पूर्ण पुसून एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कॅश आणि प्रॉक्सी फाइलींना द्या. त्या पुन्हा बनवता येतात, त्यामुळे तो ड्राइव्ह उद्या गेला तरी नुकसान नाही. ४ टीबीची हार्ड डिस्क रोजच्या कामातून काढून फक्त बॅकअपला ठेवा. रोज रात्री चालू प्रोजेक्टची प्रत तिच्यावर पडेल अशी सोय लावा, आणि एक प्रत मशीनबाहेर असू द्या. हार्ड डिस्क मरताना बहुधा आवाज करते, मंदावते, थोडी सूचना देते. एसएसडी मात्र संध्याकाळी ठीक असतो आणि सकाळी बायोसमध्येही दिसत नाही, आणि पुसलेल्या पेशींतून डेटा परत मिळवणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून ती बॅकअपची सोय ड्राइव्ह बसवल्याच्या दिवशीच लावा, पुढच्या रविवारी नको.